मतदानाचा टक्का नक्की कशाने वाढतो? प्रभातफेरी, फोन की दारावरची भेट

वाघोलीकर (धागालेखक)

वाघोली-खराडी पट्ट्यातल्या आम्ही काही सोसायट्यांनी मिळून मतदार नोंदणीचं काम हाती घेतलंय. पक्षाबिक्षाचं नाही. माणसं म्हणाल तर काही निवृत्त मंडळी, एका महाविद्यालयातली राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आणि शनिवार-रविवार मोकळे असणारे काही आयटीवाले. पैसे जवळपास शून्य. पहिल्याच बैठकीत कार्यक्रमांची यादी झाली: प्रभातफेरी, पथनाट्य, गेटवर फ्लेक्स, सेल्फी पॉइंट, रांगोळी स्पर्धा, आणि बोटाची शाई दाखवणाऱ्याला कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळीवर सवलत. यातल्या कशाने टक्का वाढतो हे कुणी मोजलंय का, असं विचारलं तर उत्तर आलं, "जागृती तर होतेच की!"

जागृती मोजता येत नाही, म्हणूनच बहुधा ती इतकी लोकप्रिय आहे.

२०२४ च्या लोकसभेला राज्यात साधारण ६१ टक्के मतदान झालं, पुण्यात ५४ च्या आसपास. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेला राज्याचा आकडा ६६ वर गेला, पण कुलाब्यात निम्मंही मतदान झालं नाही आणि कोल्हापूरजवळच्या करवीरमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास झालं. निवडणूक आयोगाचा 'स्वीप' हा मतदार जागृतीचा कार्यक्रम दोन्हीकडे होता, राष्ट्रीय मतदार दिन २५ जानेवारीला दोन्हीकडे साजरा होतो, शपथा दोन्हीकडे घेतल्या जातात. मग फरक कशाचा?

म्हणून थोडं वाचलं. जे सापडलं ते मांडतो, जाणकारांनी भर घालावी.

या विषयात हल्लीच्या पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग १९९८ चा, अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातला. अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे तीस हजार मतदारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींच्या दारी माणूस पाठवला, काहींना पत्र, काहींना फोन, काहींना काहीच नाही. नंतर कोणी मत दिलं ते सरकारी नोंदीत पाहिलं. दारी गेलेला माणूस ज्यांना खरोखर भेटला त्यांचं मतदान ८ ते ९ टक्के बिंदूंनी वाढलं (म्हणजे समजा ४० टक्क्यांचं ४८-४९ झालं). पत्राने किंचित. व्यावसायिक कॉल सेंटरच्या फोनने काहीच नाही.

पण तिथल्या लोकांची नावं यादीत होती. आपल्याकडचा अर्धा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि त्यावर मला सगळ्यात भिडलेला अभ्यास आपल्या देशातलाच निघाला. निखार गायकवाड आणि गॅरेथ नेलिस या दोन संशोधकांनी दिल्ली आणि लखनौमध्ये बाहेरगावाहून येऊन राहिलेल्या २,३०६ लोकांवर प्रयोग केला. चिठ्ठीने निवडलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांना शहरातल्या यादीत नाव घालायला सुरुवातीपासून शेवटपर्यंत मदत केली. अर्ज, कागदपत्रं, पाठपुरावा, सगळं. मदत मिळालेल्या गटात शहरातली नोंदणी २४ टक्के बिंदूंनी वाढली आणि २०१९ च्या लोकसभेला मतदान २० बिंदूंनी वाढलं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. २४ आणि २०. म्हणजे मदतीमुळे जे नव्याने यादीत आले त्यांतले पाचपैकी चार तरी जाऊन मत देऊन आले, असा त्याचा ढोबळ अर्थ. ज्यांना आपण 'उदासीन शहरी मतदार' म्हणून नावं ठेवतो त्यांतल्या बऱ्याच जणांचं घोडं नमुना ६ वर, म्हणजे नाव नोंदवायच्या अर्जावर, अडलेलं असतं.

तर प्रश्न असा: आमच्या हातात जे मनुष्यबळ आहे ते कशावर लावावं? आणि लावल्यावर उपयोग झाला की नाही हे कळणार कसं?

---

पंचगंगा

करवीरचं नाव काढलंत म्हणून लिहितो. आमच्याकडं मतदान जास्त होतं ते 'स्वीप'मुळं नव्हे. तालुक्यात दोन गट असतात, साखर कारखान्यात तेच, दूध संस्थेत तेच, सेवा सोसायटीत तेच. विधानसभा म्हणजे त्याच कुस्तीची मोठी फेरी. सकाळी अकरापर्यंत तुम्ही केंद्रावर दिसला नाहीत तर दोन्ही गटांची माणसं घरी येतात. एक विचारतो, "अण्णा, तब्येत बरी हाय न्हवं?" दुसरा नुसता दारातनं बघून जातो. ती नजर पुरते.

ग्रामपंचायतीला तर मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांना गाड्या करून आणतात. तिथं एकेका वॉर्डात दहा-वीस मतांवर निकाल फिरतो, प्रत्येक माणूस मोजलेला असतो. तुमच्या वाघोलीत बाजूच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते तरी माहीत आहे का?

---

शंकासुर

धाग्यातला '५४ टक्के' हा आकडाच आधी तपासा. छेद काय आहे? यादी. शहरातल्या यादीत वारलेले, घर सोडून गेलेले, लग्न होऊन गेलेल्या मुली, दोन ठिकाणी नाव असलेले, सगळे आहेत. आमच्या इमारतीच्या यादीत मी न पाहिलेली माणसं आहेत आणि जी रोज लिफ्टमध्ये भेटतात ती नाहीत. यादी साफ केली तर एकही जादा माणूस मतदानाला न जाता टक्का वाढेल. आणि तुम्ही हजार नवीन नावं घातलीत, त्यातले सहाशे गेले, तर मतदान वाढूनही टक्का तिथल्या तिथे.

त्यामुळे 'टक्का वाढवा' हे ध्येयच चुकीचं. मतं मोजा, टक्के नकोत.

---

वाघोलीकर

@शंकासुर, मान्य. गायकवाड-नेलिस यांनी म्हणूनच यादीचा टक्का न घेता माणसं धरून मोजलं. प्रयोगात घेतलेला माणूस नोंदला गेला का, त्याने मत दिलं का. छेदात यादी येतच नाही.

@पंचगंगा, बाजूच्या फ्लॅटमध्ये कोण ते माहीत नाही हे खरं, पण कुत्रा कोणता ते माहीत आहे. 😀

---

मिशिगनवाला

पंचगंगा म्हणतात त्या 'नजरेचा' प्रयोग आमच्या मिशिगन राज्यात झालाय. ऑगस्ट २००६ ची प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवणारी) निवडणूक, सुमारे १ लाख ८० हजार घरं. गर्बर आणि ग्रीनच, सोबत क्रिस्टोफर लॅरिमर. चार प्रकारची पत्रं पाठवली. ज्यांना काहीच पाठवलं नाही त्यांच्यात मतदान २९.७ टक्के. 'मतदान हे कर्तव्य आहे' अशा पत्राने ३१.५. 'तुमचं मतदान अभ्यासलं जातंय' अशाने ३२ च्या वर. घरातल्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही ते छापलेल्या पत्राने ३४.५. आणि शेजाऱ्यांनीही दिलं की नाही ते छापून 'निवडणुकीनंतर पुन्हा असा तक्ता पाठवू' म्हटल्यावर ३७.८. कागदाच्या एका तुकड्याने ८ बिंदू!

इथे कोणी मत दिलं ही नोंद सार्वजनिक असते (कोणाला दिलं ते नाही), म्हणून हे शक्य झालं. लोक भयंकर चिडले होते, त्यामुळे प्रचारात हे जसंच्या तसं वापरायला सगळे कचरतात. मी स्वतः इथे स्वयंसेवक म्हणून हाताने पोस्टकार्डं लिहायला जातो. चहा-कॉफी, गप्पा, मजा येते. पोस्टकार्डाने फार काही हलतं अशा भ्रमात नाही.

फेसबुकचाही एक प्रसिद्ध प्रयोग आहे. २ नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीला ६ कोटी १० लाख लोकांवर. नुसतं 'आज मतदान आहे' असं दाखवलेल्यांच्यात फरक पडला नाही. तेच 'तुमच्या या मित्रांनी मत दिलं' असं चेहऱ्यांसकट दाखवलं तेव्हा थोडा पडला, आणि त्यातही खरा परिणाम जवळच्या मित्रांमधून झिरपला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयोगाचं पोस्टर फॉरवर्ड करणं पहिल्या प्रकारात मोडतं.

---

बाईंचा_वर्ग

मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि बरीच वर्षं बीएलओचं (केंद्रस्तरीय अधिकारी, आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणारा) काम केलंय. वरची चर्चा वाचून हसूही आलं आणि बरंही वाटलं. माझ्या बाजूने सांगते.

स्वयंसेवक येतात आणि घरोघर नमुना ६ वाटतात. तिथेच पहिली चूक होते. नमुना ६ फक्त आयुष्यात पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. ज्याचं नाव देशात कुठेही यादीत आहे आणि घर बदललंय, त्याने नमुना ८ भरायचा, मग तो त्याच मतदारसंघात हलला असो वा नांदेडहून पुण्याला आला असो. २०२२ पासून हे असंच आहे. तुमच्या वाघोलीत निम्म्याहून जास्त लोक नमुना ८ चे निघतील. त्यांनी ६ भरला की त्यात 'माझं नाव अन्यत्र नाही' अशी घोषणा असते, ती खोटी ठरते, आणि खोटी घोषणा हा गुन्हा आहे. लोकांना हे माहीत नसतं. ते म्हणतात, "बाई, जुनं नाव राहू दे, हे नवीन घाला." असं नसतं हो.

दुसरं म्हणजे पत्त्याचा पुरावा. भाडेकरूंचं आधार गावच्या पत्त्याचं. वीजबिल मालकाच्या नावाचं. करार अकरा महिन्यांचा, तो नोंदवलेला असेल तर चालतो, पण बऱ्याच ठिकाणी नोटरीच असते. बँकेच्या पासबुकावर इथला पत्ता घालून घेणं हा पुष्कळदा सगळ्यात सोपा मार्ग. स्वयंसेवकाने एवढं एक काम करून दिलं तरी अर्धी लढाई जिंकलीत. पुरावा नसलेल्याचा अर्ज आला की प्रत्यक्ष पडताळणीवर मदार. मी शाळा सुटल्यावर जाते, तेव्हा तो माणूस कामावर असतो. दाराला कुलूप. शेजारी म्हणतात "आम्हाला माहीत नाही." झालं.

म्हणून सांगते, अर्ज भरून दिला म्हणजे काम झालं असं समजू नका. बीएलओ येणार तेव्हा माणूस घरी असेल हे पाहणं, संदर्भ क्रमांक टाकून अर्ज कुठे अडलाय ते बघणं, आणि शेवटी प्रारूप यादीत नाव, वय, फोटो बरोबर आहे ना ते तपासणं, इथे माणसं लागतात. आणि इथे कोणी येत नाही, कारण इथे फोटो निघत नाहीत.

तारखांचंही लक्षात ठेवा. आता वर्षात चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण हवीत त्या) आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलाचा अर्ज आगाऊ घेता येतो. विधानसभा-लोकसभेला उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत अर्ज दिला तर नाव येण्याची आशा. आचारसंहिता लागल्यावर लोकांना आठवण येते, तेव्हा हे दहा-पंधरा दिवस कसे जातात कळत नाही. आणि एकगठ्ठा अर्ज आणून टेबलावर टाकू नका, तसे स्वीकारत नाहीत. ज्याचा त्याने ऑनलाइन किंवा घरटी.

---

वाघोलीकर

बाई, हा प्रतिसाद वेगळा धागा करण्याच्या लायकीचा आहे. नमुना ८ चं मला माहीत नव्हतं, आमच्याकडे ६ च्या प्रती छापायला टाकल्या होत्या. थांबवतो.

---

बूथवरचा_जुना

चाळीस वर्षं एका पक्षाचं काम केलं, कुठल्या ते विचारू नका, आता तो पक्षही ओळखू येत नाही. तुम्ही मंडळी अमेरिकेतनं जे शोधून आणताय ते आमच्या वेळी कुणी शिकवलं नव्हतं, पण करत होतो.

यादीचा आपला भाग हातात. प्रत्येक नावापुढं पेन्सिलची खूण: आपला, त्यांचा, कुंपणावरचा, बाहेरगावी. आठवडाभर आधी घरोघर चिठ्ठ्या द्यायच्या, तेवढ्यात घरात कोण आजारी, कोण पुण्याला गेलं, सगळं कळतं. मतदानाच्या दिवशी आत बसलेला मतदान प्रतिनिधी यादीवर टिक मारतो. दुपारी अंदाज बाहेर येतो. तीन वाजल्यापासून उरलेल्यांच्या दारात. "काकू, चला, आता गर्दी नाही." हे वाक्य हजारदा म्हटलंय. भाषणाने आलेलं मत मी पाहिलेलं नाही, या वाक्याने आलेली पाहिलीत.

पण एक सांगतो. जायचं कोणी? ज्याला घरचे ओळखतात त्याने. आम्ही गल्लीतलाच पोरगा पाठवायचो. तालुक्याहून आलेला मोठा पुढारी दारात उभा राहिला तर लोक पाणी देतात, मान देतात, मत देतातच असं नाही. तुमची कॉलेजची पोरं अनोळखी दारावर जाणार असतील तर सोबत त्याच इमारतीतला एक माणूस द्या.

आणि गाडीचं जपून. मतदारांना ने-आण करायला उमेदवाराने गाड्या लावणं हा कायद्याने भ्रष्ट प्रकार आहे. तुम्ही उमेदवार नाही, तरी त्या दिवशी तुमच्या रिक्षावर कोणाचा झेंडा आहे ते समोरचा बघतोच. केंद्राच्या शंभर मीटरच्या आत तर अजिबात रेंगाळू नका.

---

अंकगणित

'कळणार कसं' या प्रश्नावर. धागालेखकांना थोडं निराश करणार आहे.

समजा तुम्ही निम्म्या लोकांच्या दारी गेलात, निम्म्यांच्या नाही, आणि दोन्ही गटांची तुलना केली. मूळ मतदान ५० टक्क्यांच्या आसपास असेल आणि तुमच्यामुळे ५ बिंदूंची वाढ होत असेल, तर ती खरी वाढ आहे, योगायोग नव्हे, असं नेहमीच्या खात्रीने म्हणायला प्रत्येक गटात साधारण १,५७० माणसं लागतात. वाढ २ बिंदूंचीच असेल तर प्रत्येक गटात जवळपास ९,८००. आणि हे माणसं सुटी सुटी निवडली तर. तुम्ही इमारतीच्या इमारती निवडणार, एका इमारतीतली माणसं एकमेकांसारखी वागतात, त्यामुळे आकडा आणखी चढतो.

मात्र २० बिंदूंचा परिणाम पकडायला गटात शंभरेक माणसं पुरतात. म्हणून माझा सल्ला असा की नोंदणीची मदत स्वतः मोजा, ते तुमच्या आवाक्यात आहे. मतदानाच्या आठवणीचा परिणाम मोजायच्या भानगडीत पडू नका, तिथे जगभरच्या प्रयोगांवर भरवसा ठेवा. रांगोळी स्पर्धेचा परिणाम मोजायला तर किती हजार सोसायट्या लागतील ते मी सांगत नाही.

आणखी एक. मोजताना 'ज्यांना आम्ही भेटलो त्यांनी जास्त मत दिलं' असं लिहू नका. जे घरी असतात, दार उघडतात, बोलतात, ते एरवीही मत देणारे असतात. न्यू हेवनमध्येसुद्धा ज्यांच्याकडे जायचं ठरलं होतं त्यांतल्या थोड्याच लोकांची भेट झाली. तुलना करायची ती 'जायचं ठरलेले' विरुद्ध 'न जायचं ठरलेले' अशी, कुलूपबंद घरं धरून. बहुतेक संस्थांचे अहवाल इथेच घसरतात. शिबिराला आलेल्यांपैकी ९० टक्क्यांनी मत दिलं म्हणे. रविवारी सकाळी मतदान शिबिराला येणारा माणूस मत देणार नाही तर काय करणार?

---

शंकासुर

@अंकगणित, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आकड्यांशी सभ्यपणे वागलं. बाकी चालू द्या.

---

अनुजा_नाशिक

बायकांबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून.

पाकिस्तानात सिंध प्रांतातल्या सक्कर आणि खैरपूर जिल्ह्यांत २००८ च्या निवडणुकीआधी हाविएर जिने आणि गझाला मन्सुरी यांनी एक प्रयोग केला. खेड्यांत काही बायकांच्या घरी जाऊन मत का द्यायचं, गुप्त कसं असतं, केंद्रावर काय होतं हे समजावलं. भेटलेल्या बायकांचं मतदान ११ बिंदूंच्या आसपास वाढलं. त्याहून मजेदार भाग म्हणजे ज्यांच्याकडे कोणी गेलंच नव्हतं त्या शेजारणींचंही वाढलं. दहा बायकांना भेटल्यावर त्या दहांच्या पलीकडेही मतं वाढतात, कारण बायका एकेकट्या केंद्रावर जात नाहीत, चार जणी मिळून जातात. आणि मत दिलं का हे त्यांनी नुसतं विचारलं नाही, बोटाची शाई पाहिली.

आपल्याकडे हेच बचत गटातून सहज होण्यासारखं आहे. गटाची महिन्याची बैठक असतेच, सगळ्यांचं आधार आणि पासबुक तिथे असतंच, आणि सचिवाला कोणाचं लग्न होऊन कोण आलं ते माहीत असतं. नवीन सुनेचं नाव माहेरच्या यादीत, आडनाव बदललेलं, मतदान सासरी. बाईंच्या भाषेत नमुना ८. पाच वर्षं ती ना इथे मत देते ना तिथे, आणि वरून 'महिला मतदारांत निरुत्साह' अशी बातमी येते.

सोसायटीतल्या घरकामाच्या मावशींचं काय, @वाघोलीकर? त्या तुमच्या बी विंगच्या यादीत नसतात पण तुमच्याच वॉर्डात राहतात. तुमच्या मोहिमेत त्या आहेत का?

---

वाघोलीकर

@अनुजा_नाशिक, नव्हत्या. सुरक्षारक्षक, मावशी, बांधकामावरचे लोक, कुणीच नव्हतं. 'सोसायट्यांची मोहीम' म्हटलं की डोक्यात फ्लॅटमालकच येतात.

---

बीडकर

बांधकामावरच्या लोकांवरून आठवलं. २०२४ ला उसाचं गाळप १५ नोव्हेंबरपासून सुरू करायचं ठरलं आणि मतदान होतं २० नोव्हेंबरला. आमच्याकडची ऊसतोडणीची लाखो माणसं त्याच सुमाराला कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. आता या माणसाला कुठं नोंदवणार? सहा महिने फडावर, कोपीत, पत्ता नाही. सहा महिने गावी. त्याचं मत गावीच हवं, कारण रेशन, घरकुल, रस्ता सगळं गावाचं. दिल्ली-लखनौच्या प्रयोगाचं औषध त्याला लागू नाही. त्याला लागू काय, तर तारीख. किंवा मुकादमाने दिलेली दोन दिवसांची सुट्टी आणि परतीचं भाडं. मुकादम सुट्टी देतो ती कोणाच्या सांगण्यावरून, हे इथं लिहीत नाही.

सगळ्यांना एकच उपाय नसतो एवढंच म्हणायचंय. तुमच्या वाघोलीतल्या गवंड्याला आधी विचारा की तुला मत कुठं द्यायचंय. काही जण म्हणतील गावाला. त्यांचं नाव इथं ओढू नका.

---

बाईंचा_वर्ग

बीडकरांशी शंभर टक्के सहमत. हा प्रश्न पहिला विचारायचा. नाहीतर गावचं नाव जातं आणि तो माणूस दिवाळीत येऊन आम्हालाच बोलतो.

---

पथनाट्यवाली

सगळे प्रभातफेरीवर तुटून पडलेत म्हणून दुसरी बाजू. आम्ही वस्त्यांमध्ये पथनाट्यं करतो. नाटक बघून कोणी मत द्यायला जातो असं मी म्हणणार नाही. पण नाटक झाल्यावर माणसं थांबतात, टेबल मांडलेलं असतं, तिथे नाव तपासून मिळतं. नाटकाशिवाय ते टेबल ओस पडतं. जमवणं आणि नोंदवणं हे जोडीने हवं.

आणि माहितीने काहीच होत नाही असं नाही. २००८ च्या दिल्ली विधानसभेला झोपडवस्त्यांमध्ये आमदारांची प्रगतिपुस्तकं छापलेलं वर्तमानपत्र वाटलं होतं, सतर्क नागरिक संगठनच्या मदतीने. अभिजित बॅनर्जी आणि इतरांनी त्याचा अभ्यास केला. मतदान २ बिंदूंनी वाढलं आणि चांगलं काम केलेल्या आमदारांना त्याचा फायदा झाला. 'मत द्या, मत द्या' सांगण्यापेक्षा 'तुमच्या आमदाराने निधी कुठे खर्च केला' हे सांगणं लोकांना जास्त भावतं. शपथ घेऊन कंटाळलेत लोक.

---

अंकगणित

पथनाट्यवाली, मुद्दा पटला. नाटक हे गिऱ्हाईक गोळा करणारं आहे, माल टेबलावर आहे. फ्रान्समध्येही असंच दिसलं. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी दहा शहरांत घरोघर जाऊन काहींना नोंदणी कशी करायची ती माहिती दिली, काहींची तिथेच घरात नोंदणी करून घेतली. दुसऱ्याचा परिणाम जास्त. आणि असे नोंदवले गेलेले दहापैकी नऊहून अधिक जण त्या वर्षी एकदा तरी मत देऊन आले. दिल्लीच्या २४-२० शी जुळतं.

---

मिशिगनवाला

अवांतर: आम्ही परदेशी राहणारे भारतीय नागरिक नमुना ६-अ भरून नाव घालू शकतो, पण मत द्यायला प्रत्यक्ष तिथे यावं लागतं. विमानाचं तिकीट काढून कुलाब्यातला टक्का वाढवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

---

संपादक

एका पक्षाच्या पन्नाप्रमुखांवरून (यादीच्या एकेका पानाची जबाबदारी असलेले कार्यकर्ते) सुरू झालेले काही प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय पद्धती हा आहे, पक्ष नाही.

---

बूथवरचा_जुना

उडवलेल्यात माझाही होता, असो. पण विषयातला मुद्दा राहिला. पदवीधर मतदारसंघ बघा. तिथं यादी दर वेळी कोरी होते, मागच्या वेळी नाव होतं त्यालाही नमुना १८ पुन्हा भरावा लागतो. त्यामुळं तिथं निवडणूक प्रचारात जिंकत नाहीत, नोंदणीत जिंकतात. ज्यानं वर्षभर आधी पदवीच्या प्रती गोळा केल्या तो पुढं. राज्यातल्या प्रत्येक हुशार उमेदवाराला हे ठाऊक आहे. तुमच्या संशोधकांनी दिल्लीत जे सिद्ध केलं ते इथले शिक्षणसंस्थावाले कधीपासून वापरतात. फरक एवढाच की ते आपल्याच माणसांचे अर्ज भरतात. सगळ्यांचे भरणारा कोणी नसतो, म्हणून तुमच्यासारख्यांची गरज.

---

वाघोलीकर

आतापर्यंतच्या चर्चेवरून आमच्या गटात परत बोललो. ठरलंय ते असं.

फ्लेक्स आणि सेल्फी पॉइंट बाद. मिसळीची सवलत हॉटेलवाला स्वतःहून देणार असेल तर देऊ दे, आपण त्यात पडायचं नाही. पथनाट्य ठेवलंय, पण जिथे टेबल आणि दोन लॅपटॉप असतील तिथेच.

मुख्य काम घरोघर. प्रत्येक जोडीत त्याच इमारतीतला एक जण. पहिला प्रश्न बीडकरांचा: मत कुठे द्यायचंय? मग यादीत नाव शोधायचं आणि त्यावरून नमुना ६ की ८ ठरवायचं. अर्ज त्याच्याच फोनवरून, त्याच्यासमोर. आमच्या वहीत फक्त फ्लॅट क्रमांक आणि अर्जाची अवस्था, आधार क्रमांक किंवा ओटीपी कोणीही लिहून घ्यायचा नाही. हे कायद्याच्या भीतीने कमी आणि इमारतीतल्या भांडणांच्या भीतीने जास्त.

मोजण्यासाठी इमारतींच्या चिठ्ठ्या टाकणार. निम्म्या इमारतींत आधी जायचं, उरलेल्यांत पुढच्या अर्हता तारखेसाठी. म्हणजे कोणाला डावललं असं होत नाही आणि मधल्या तीन महिन्यांत तुलना करता येते. चिठ्ठीवरून एका अध्यक्षांनी वाद घातलाच, "आमच्या सोसायटीने जागा दिली, आमचा नंबर पहिला." त्यांना सांगितलं की पाण्याच्या टँकरची चिठ्ठी निघते तेव्हा तुम्ही गप्प असता. गप्प झाले.

मजुरांची वस्ती आणि मावशी राहतात ती चाळ चिठ्ठीत घातलेली नाही, तिथे लगेच जाणार. तिथला तुलनेचा आकडा हातचा जाईल, जाऊ दे.

---

अंकगणित

उत्तम. वस्ती बाहेर ठेवलीत तर अहवालात तसं स्पष्ट लिहा, तिचे आकडे इमारतींत मिसळू नका. आणि चिठ्ठ्या कोणाच्या तरी समोर काढा, फोटो काढून ठेवा. काम सुरू होण्याआधीच लिहून ठेवा की यश कशाला म्हणणार: अर्ज भरले गेले, की अंतिम यादीत नाव आलं? बाईंचं ऐकलंत तर दुसरं.

---

अनुजा_नाशिक

मतदानाच्या आठवड्याचं काय ठरलं?

---

वाघोलीकर

ते जुन्या बूथवाल्यांच्या पद्धतीने, झेंडा सोडून. जो स्वयंसेवक अर्जाच्या वेळी घरी गेला होता त्यानेच आदल्या आठवड्यात पुन्हा जायचं, केंद्र कोणतं, यादी भाग आणि अनुक्रमांक काय ते सांगायचं आणि विचारायचं, किती वाजता निघणार, कोणासोबत. मतदानाच्या दिवशी दुपारी मजल्यावरच्याच कोणीतरी बेल वाजवायची. ८५ च्या वरच्यांसाठी घरून मतदानाचा नमुना १२-ड वेळेत भरून घेणं हे निवृत्त मंडळींनी आपणहून मागून घेतलं. मिशिगनछाप तक्ता लावायचा प्रस्ताव एका उत्साही तरुणाने मांडला होता, तो एकमताने फेटाळला. आमच्याकडे पार्किंगवरून पोलीस येतात.

---

पंचगंगा

तक्ता नको, पण दुपारची बेल सोडू नका. आमच्याकडं सगळा खेळ तिथंच हाय.

---

नवी_भाडेकरू

पहिल्यांदाच लिहितेय, वाचत होते. मी खराडीत भाड्याने राहते, नाव सोलापूरच्या यादीत आहे, करार नोटरीचा, वीजबिल मालकाच्या नावावर, आधार सोलापूरचं. मालक म्हणतात नाव घालू नका, पुढे घर खाली करताना त्रास होतो. मला मत इथे द्यायचंय. काय करू?

---

बाईंचा_वर्ग

मालकांची भीती निराधार आहे. मतदार यादीतल्या नावाने घरावर हक्क मिळत नाही, आणि नाव घालायला त्यांची परवानगी लागत नाही. तू बँकेत जाऊन पासबुकावर इथला पत्ता घालून घे, ते जमत नसेल तर आधारवरचा पत्ता बदल. मग नमुना ८, त्यात 'स्थलांतर' हा पर्याय निवड, सोलापूरच्या ओळखपत्राचा क्रमांक टाक. ६ भरू नकोस. अर्ज गेला की मिळालेला संदर्भ क्रमांक जपून ठेव आणि तुमच्या भागाच्या बीएलओचा नंबर १९५० या मतदार हेल्पलाइनवर विचारून घे. संध्याकाळी सातनंतर घरी असतेस हे त्यांना आधीच फोन करून सांग. एवढं सांगणारे फार कमी असतात, त्यामुळे ते नक्की येतील.